म्हाताऱ्या घोड्याची शतपावली

लग्नाच्या वरातीत न नाचणारे जीव दोनच. एक नवरदेव, दुसरा घोडा. दोघांना दुपारपासून नटवून ठेवलेलं असतं. दोघांच्या डोळ्यांवर काही ना काही लोंबत असतं, एकाच्या मुंडावळ्या आणि दुसऱ्याचे गोंडे. दोघांना कडकडून भूक लागलेली असते आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही कुणी विचारत नाही. फरक असलाच तर एवढा की नवरदेवाची ही पहिली वरात असते. घोड्याची कितवी, ते घोडाच जाणे.

जूचंद्रातली वरात म्हणजे तर घोड्याची बोर्डाची परीक्षा. वसई रोडहून दिव्याकडे निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ते हे गाव. अंगाला रूळ, थोड्या अंतरावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाची घरघर, आजूबाजूला मिठागरं आणि वर डोंगरावर चंडिकामाता. आगरी वस्तीच्या गावात हळद ही लग्नाहून मोठी असते, हे वसई-विरारकरांना सांगायला नको. पूर्वी बेंजो होता. आता बेंजोच्या उरावर डीजे आला. छातीत होणारी धडधड नवरदेवाला लग्नाची वाटते, पण ती स्पीकरची असते. घोड्याचे कान माणसाहून तिखट, शिवाय दोन्ही कान दोन दिशांना वळवता येतात. वरातीत मात्र ते कुठेही वळवले तरी एकच गाणं.

त्यात हे गाव रांगोळीचं. जूचंद्रचे रांगोळीकार जमिनीवर माणसाचा चेहरा असा उतरवतात की पाहणाऱ्याला ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारावंसं वाटतं. अशा रांगोळीत घोडा काढायचा झाला तर तो कसा निघेल? आयाळ उडालेली, नाकपुड्या फुललेल्या, पुढचे दोन पाय हवेत. वय फार तर सहा. वरातीला प्रत्यक्षात येतो त्याच्या डोळ्यांवर खळगे पडलेले असू शकतात, पाठ मधोमध बसलेली असू शकते, डोळ्यांभोवती पांढरे केस आलेले असू शकतात आणि त्याचे चारही पाय जमिनीवर असतात. नवरदेवाच्या आईच्या दृष्टीने ही फार समाधानाची बाब. तरणं, उडतं जनावर डीजेसमोर उभं करण्याचं धाडस शहाणा घोडेवाला करत नाही. तिथे पोक्तपणाच लागतो, आणि तो निदान एकात तरी हवा.

पण पोक्त जनावराला स्वारीलायक ठेवायचं कसं, याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. मराठी भाषेनं घोड्याला कमी राबवलेलं नाही. चूक मोठी झाली की घोडचूक, लग्नाला उशीर झाला की घोडनवरा, बिनकामाची माणसं गोळा झाली की खोगीरभरती, काम अडलं की घोडं पेंड खातं, उरकलं की तेच घोडं गंगेत न्हातं. वर्तमानपत्रात तर विकासापासून कांद्याच्या भावापर्यंत सगळ्यांची घोडदौडच चालू असते. या सगळ्या धावपळीत त्या घोड्याचं वय काय, हे एकाही म्हणीला विचारावंसं वाटलं नाही.

वय साधारण पंधरानंतर लागतं. विसाव्या वर्षी घोडा माणसाच्या साठीत आला असं ढोबळ मानतात. पंचविशी-तिशी गाठणारे घोडे आता नवलाचे राहिलेले नाहीत. इंग्लंडात ओल्ड बिली नावाचा घोडा कालव्याकाठी बोटी ओढायचा. तो १८२२ साली ६२ व्या वर्षी गेला, असं त्याची नोंद सांगते. त्याची कवटी मँचेस्टरच्या संग्रहालयात ठेवली आहे. बासष्ट वर्षांतली बहुतेक त्यानं काम करण्यात घालवली. निवृत्तीचं वय ५८ करायचं की ६०, यावर घसा कोरडा करणाऱ्या मंडळींनी मँचेस्टरला एक चक्कर मारायला हरकत नाही.

याच्या नेमकं उलट टोक मुंबईत. महालक्ष्मीच्या १८८३ सालच्या रेसकोर्सवर पळणारा घोडा दोन-तीन वर्षांचा असताना धावायला लागतो आणि पाच-सहा वर्षांचा झाला की ‘आता बस’ म्हणतात. ज्या वयात आपली पोरं बालवाडीतून पहिलीत जातात त्या वयात पेन्शन! अशातले काही पुढे स्वारी शिकवण्याच्या कामाला लागतात. त्याच मैदानाच्या आवारात १९४२ पासून अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, आणि शर्यतीतून उतरलेल्या घोड्यांना तिथे दुसरा जन्म मिळतो. शर्यतीतला म्हातारा शाळेतला तरुण शिक्षक होतो. घोडा तोच, बदलते ती फक्त घाई.

वय ओळखायचं दातांवरून. घोड्याचा दात जन्मभर हिरडीतून थोडा थोडा वर सरकत राहतो, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळून तेवढाच झिजतो. वरच्या कोपऱ्यातल्या पटाशीच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी दात संपेपर्यंत पोचते. ‘धर्माची गाय, दात का गं नाय?’ असं विचारणाऱ्याला आपल्याकडे नावं ठेवतात. पण घोड्याच्या बाबतीत तो प्रश्न विचारलाच पाहिजे, फुकट मिळाला असला तरी.

आता समजा, जूचंद्रातल्या एखाद्या हौशी गृहस्थानं असा अठरा वर्षांचा घोडा घरी आणला. वरातीसाठी नाही, स्वतः बसण्यासाठी. पहिल्या सकाळी दारात मंडळी जमणार, हे नक्की.

‘काका, आता याला कशाला राबवता? बांधून ठेवा, खाऊ दे सुखानं.’

‘छे छे, बांधला की संपला. रोज हायवेपर्यंत पळवून आणा.’

‘गूळ द्या. आमच्या आजोबांच्या बैलाला...’

‘अहो, बैल वेगळा, घोडा वेगळा.’

‘पाय चारच ना?’

यातले पहिले दोन सल्ले सगळ्यात लोकप्रिय आणि दोन्ही सारखेच घातक. म्हातारा घोडा बांधून ठेवला की त्याचे सांधे धरतात. सांध्यातलं वंगण हालचालीनं पसरतं; रात्रभर उभं राहिलेलं जनावर सकाळी पहिली दहा पावलं अशी टाकतं की पाहणाऱ्याला स्वतःचे गुडघे आठवावेत. मोकळ्या रानात घोडा चरता चरता दिवसाला कित्येक किलोमीटर चालतो, तेही कुणी न सांगता. तबेल्यात तोच तेवीस तास एका जागी. आणि मग चोविसाव्या तासाला मालकाला हुक्की येते की आज याला जरा ‘मोकळा’ करू. थंड स्नायू, ताठ झालेले कंडरे आणि वर अंगात आलेला मालक. घोडचूक म्हणतात ती हीच, आणि तीत घोड्याचा काही दोष नसतो.

खरा व्यायाम इतका साधा आहे की त्यात कुणाला मोठेपणा मिळत नाही. आधी चाल. नुसती चाल, पंधरा-वीस मिनिटं, लगाम सैल सोडून, मान खाली घालू देत. मग सरळ रेषेत थोडी दुडकी, मग परत चाल. वळणं मोठी आणि गोल. लहान वर्तुळात गरगर फिरवलं की आतल्या पायाच्या सांध्यांवर ताण येतो. जमिनीवर चार बांबू आडवे ठेवून त्यांवरून सावकाश चालवलं की घोडा पाय उचलायला आणि पाठ वापरायला पुन्हा शिकतो. हलक्या चढावर चालवलं की मागचा भाग भरतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस आणि दर वेळी थोडंच. म्हाताऱ्या घोड्याची कमावलेली ताकद सुट्टीत लवकर जाते आणि परत यायला उशीर लावते, म्हणून रविवारी तीन तास आणि बाकी सहा दिवस आराम, हा हिशेब चालत नाही. जिमची वर्षाची फी भरून जानेवारीतच थांबणाऱ्यांना हे वाक्य दोनदा वाचावं लागेल.

जूचंद्रात हे करायचं कुठे, हा खरा प्रश्न. महामार्गाचं नाव काढू नये. डांबरी रस्त्यावर चाल चालते, पण दुडकी धरली की प्रत्येक टापेचा दणका सांध्यात जातो; शिवाय समोरून येणारा टेम्पो घोड्याचं वय विचारत नाही. चंडिकेच्या पायऱ्या भक्तांसाठी आहेत, नवस घोड्याचा नाही. त्याला पायथ्याचा मातीचा उतार पुरे. मिठागरांच्या कडेची कच्ची वाट पहाटे बरी. हौस फारच असली तर पश्चिमेला अर्नाळा, राजोडी, सुरुचीची किनारपट्टी आहेच. पण तिथेही ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू धरावी. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि कंडरा ओढला जातो. चित्रपटातला नायक कोरड्या वाळूतूनच घोडा फेकतो हे खरं, पण त्याचा घोडा पुढच्या दृश्यात कुणी पाहिलेला नसतो.

व्यायामाची आखणी कशी असावी, याचं सगळ्यात देखणं उदाहरण परदेशात शोधायला नको. ते दर वर्षी आषाढात आपल्या डोळ्यांसमोरून जातं आणि आपण फक्त हात जोडतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीतले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. ते ट्रकमधून उतरत नाहीत. अंकली ते आळंदी सुमारे ३०० किलोमीटर, रोज ठरलेली मजल करत, चालत येतात. मग आळंदीहून पालखीबरोबर पुन्हा चाल: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद. एवढं सगळं चालून झाल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण लागतं, आणि तिथे माउलींचा अश्व पहिल्यांदा दौडतो. पुढे गोल रिंगणं मोकळ्या मैदानात, मातीवर, मोठ्या वर्तुळात, आणि काही फेऱ्यांतच संपणारी. मग परत चाल.

कुठल्याही देशातल्या घोड्यांच्या डॉक्टरला हे वेळापत्रक दाखवलं तर तो म्हणेल, हे कुणी लिहिलं? आठवड्यांमागून आठवडे संथ चालून पाया भरणं, मग मऊ जमिनीवर थोडी धाव, मग पुन्हा चालून अंग निववणं. शिवाय माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. वजन शून्य! रिंगण झाल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते ती श्रद्धेनं. पण ती माती मऊ निवडलेली असते, याचं श्रेय कुणीतरी घोड्याच्या गुडघ्यांच्या वतीनंही घ्यायला हवं.

वरातीच्या घोड्याचं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं, आणि ते पंचांगानं लिहिलेलं. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास. मुहूर्त नाही, म्हणजे वरात नाही, म्हणजे काम नाही. पाऊस लागलेला, चिखल झालेला, घोडा तबेल्यात. देव झोपतात तेवढे चार महिने घोडा उभा. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं आणि दुसऱ्या दिवसापासून माणसांची लग्नं सुरू. एकाच रात्री दोन-दोन वराती. चार महिने पलंगावर झोपलेल्या साठीच्या गृहस्थाला एकदम मॅरेथॉनच्या रांगेत उभं करावं, आणि तेही शेरवानी घालून, तसा हा प्रकार. खरं तर चातुर्मासातच पाऊस उघडेल तेव्हा रोज तासभर चालवणं आणि तुळशीच्या लग्नाआधी सहा-आठ आठवडे हळूहळू वाढवत नेणं, एवढं केलं तर निम्मी दुखणी टळतील. पण या कामाचं भाडं कुणी देत नाही. वरातीमागून घोडं ही म्हण आपण उशिरासाठी वापरतो; व्यायामाच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे.

आता वजन. विषय नाजूक आहे, पण काढायलाच हवा.

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेत ओहायोत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर वाढतं वजन ठेवून पाहिलं. पंचवीस ते तीस टक्क्यांवर गेल्यावर ठोके वाढले आणि पाठीचे स्नायू दुखू लागले. वरातीचा बेताच्या बांध्याचा घोडा ३५० किलोंचा धरा. त्याचा पाचवा हिस्सा झाला ७० किलो. आता नवरदेव काट्यावर घ्या. अंगचे ८०, शेरवानी-फेटा-तलवार-हार मिळून ४, खोगीर आणि त्यावरची जरीची झूल १५. बेरीज ९९. इतक्यात आत्याबाई पुढे होतात आणि १८ किलोंचा भाचा नवरदेवाच्या पुढ्यात बसवतात, कारण फोटो छान येतो. ११७. टक्केवारी वाचकांनी काढावी. गणित सोपं आहे, फक्त घोड्याला जड आहे.

कायद्यानंही यात बोट घातलं आहे. ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केंद्र सरकारनं १९६५ साली नियम केले. त्यात तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं लादू नये असं म्हटलं आहे. गाढवाला ५०, खेचराला २००. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन कामच नको. नवरदेव हा कायद्याच्या दृष्टीनं ‘ओझं’ आहे की ‘स्वार’, हा वाद वकील घालतील. लग्नाला दहा वर्षं झालेल्या बायकांचं मत वेगळं घ्यावं.

एका बाबतीत मात्र वरातीची रीत शास्त्राला धरून आहे. नवरदेव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा राहून चढतो. रिकिबीत पाय अडकवून जमिनीवरून उडी मारली की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि म्हाताऱ्या पाठीला पीळ बसतो. चांगले स्वारही म्हणूनच चौथऱ्यावर चढून मग बसतात. खुर्ची तेवढी मोडकी नसावी आणि वरून ढकलणारे मामा एकाच बाजूचे नसावेत.

वसईच्या हवेचा प्रश्न वेगळाच. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात म्हाताऱ्या आणि तरुण घोड्या ट्रेडमिलवर पळवून पाहिल्या. विशी ओलांडलेल्या घोड्यांच्या अंगाचं तापमान ४० अंशांवर पोचायला तरुण घोड्यांच्या जवळपास निम्माच वेळ लागला. म्हणजे वय झालं की शरीर उष्णता बाहेर टाकण्यात मागे पडतं. याच विद्यापीठाच्या कामातून दुसरी गोष्टही दिसली. नियमित व्यायामानं म्हाताऱ्या घोड्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुधारते. म्हणजे बांधून ठेवणाऱ्या शेजाऱ्याचा सल्ला अमेरिकेतही नापास.

आता ट्रेडमिलवरून परत जूचंद्रात या. एप्रिल-मे महिना, खाडीवरून येणारा दमट वारा, घाम येतो पण सुकत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं, नाहीतर तो नुसता वाहतो. घोड्याच्या घामात आणखी एक गंमत असते. त्यात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, म्हणून खोगिराखाली साबणासारखा फेस येतो. आणि तो घाम रक्तापेक्षा खारट असतो. म्हणजे घाम गाळला की मीठ फार जातं, आणि नुसतं पाणी पाजून ते भरून येत नाही. मोठ्या घोड्याला काम नसतानाही दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम मीठ लागतं, कामाच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. जूचंद्रच्या घोड्याला निदान या एका बाबतीत कुणापुढे तोंड वेंगाडायला नको. मिठाचे ढीग वेशीवर आहेत. पुढे मात्र स्वच्छ पाण्याची बादली हवी. हा पदार्थ गावात मिठापेक्षा दुर्मीळ.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, असं जुने जाणते सांगत आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या उकाड्याची धास्ती घेऊन यावर भरपूर काम झालं, आणि गार पाणी ओतत राहणं, मधे मधे चालवणं, यानंच घोडा लवकर निवतो हे दिसून आलं. म्हणून स्वारी पहाटेची, आणि परत आल्यावर पाणी. ठोके मोजायचे जबड्याखाली, हाडावरून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर बोट ठेवून, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार. स्वस्थ उभ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४. व्यायाम संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या खाली आले तर काम बेताचं झालं. नाही आले तर उद्या कमी. हौशी मालकाच्या मनगटावर दहा हजार पावलं मोजणारं घड्याळ असतं. त्यातली निम्मी पावलं घोडा शोधण्यात गेलेली असतात.

चंदीचा विषय आला की दात परत येतात. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण कुणी तरी म्हाताऱ्या घोड्याच्या तोबऱ्याकडे पाहूनच रचली असावी. झिजून झिजून दाढांना कडा येतात, गालाला टोचतात. मग घोडा अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तोंडातून खाली टाकतो. मालकाला वाटतं, खाण्यात लक्ष नाही. वर्षातून एक-दोनदा पशुवैद्यांकडून कडा घासून घ्याव्यात, चणे भरडून भिजवून द्यावेत, कडब्याऐवजी बारीक कुट्टी भिजवून द्यावी. अंगावर मांस किती आहे ते बरगड्या चाचपून पाहावं. टेक्सासमध्ये १९८३ साली यासाठी एक ते नऊ अंकांची मोजपट्टी तयार झाली. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे लग्नातल्या पंगतीचा दर्दी. म्हातारा घोडा पाचच्या आसपास बरा. आणि उन्हाळा लागूनही अंगावरची लव झडली नाही, उलट लांब कुरळी झाली, तर ते ‘काय छान केस आहेत’ म्हणण्याचं कारण नाही. ते म्हातारपणातल्या एका संप्रेरकांच्या आजाराचं लक्षण असतं, आणि त्यावर औषध आहे.

घोड्यांच्या वैद्याला जुन्या मराठीत साळोत्री म्हणत. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून हा शब्द आला. तंजावरच्या मराठा राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावर असलेलं अश्वशास्त्राचं सचित्र हस्तलिखित जपलेलं आहे. पांडवांपैकी घोड्यांची जबाबदारी नकुलाकडे, हे आपण लहानपणी पाठ करतो आणि पुढे फक्त अर्जुनाचंच नाव मुलांना ठेवतो. साळोत्री गेले, पागा गेल्या, राहिली ती आडनावं: पागे, शिलेदार, राऊत, चाबुकस्वार, नालबंद. यातल्या एकाही घरी आज घोडा बांधलेला असेल अशी पैज कुणी लावू नये.

शिलेदार आणि बारगीर हा मराठी फौजेतला फरकही इथे उपयोगी पडतो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला सरकारी पागेतून घोडा मिळायचा. घोडा मेला तर शिलेदाराची भाकरी गेली, म्हणून तो जनावराला पोटच्या पोरासारखं जपायचा. या हिशेबानं वरातीतला नवरदेव बारगीर. दोन तासांसाठी परक्याचा घोडा, खाली उतरला की संबंध संपला. लगाम धरून शेजारी चालणारा, ज्याच्याकडे कॅमेरा कधीच वळत नाही, तो शिलेदार. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं घेतला तो सुरुंगांच्या जोरावर. तटबंदीपुढे घोडदळ काय करणार? पण तिथवर पोचायला चालणारे घोडेच लागले असतील, आणि त्यांच्या मागे चंदी घेऊन चालणारी माणसं.

वय झालेला घोडा काय करू शकतो, याची साक्ष अलीकडची आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये फौआद मिर्झा भारतातर्फे उतरला. घोडेस्वारीत भारताचा खेळाडू वीस वर्षांनी दिसत होता. त्याचा घोडा सेन्यॉर मेडिकॉट १५ वर्षांचा होता. दोघं अंतिम फेरी गाठून २३ वे आले. त्याआधी लंडनला २०१२ साली जपानचे हिरोशी होकेत्सू व्हिस्पर नावाच्या घोडीवर बसले. घोडी पंधरा वर्षांची. होकेत्सू ७१ वर्षांचे. त्यांचं पहिलं ऑलिंपिक १९६४ सालचं. तिथे म्हातारं कोण, हा प्रश्न घोडीला पडला असेल तर तिनं तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

जूचंद्रच्या त्या कल्पनेतल्या हौशी गृहस्थाचं पुढे काय होईल, हे सांगता येतं. पहिला महिना तो रोज पहाटे घोड्यावर बसेल. दुसऱ्या महिन्यात कंबर धरेल आणि डॉक्टर सांगतील, रोज चाला. मग तो लगाम हातात धरून घोड्याशेजारी चालू लागेल, मिठागरांच्या कडेनं, सकाळची पहिली गाडी रुळावरून जाताना पाहत. घोड्याला वजन नाही, माणसाला सोबत आहे. गावातली मंडळी म्हणतील, एवढा घोडा घेतला आणि चालतोय बघा! घोड्याला मात्र यातलं काही खटकणार नाही. त्याला व्यायाम मिळाला.

आता मुद्द्याचं. कार्तिकात मोसम सुरू होईल. मांडवाच्या तोंडाशी एक भरलेली बादली ठेवा, डीजेची गाडी घोड्याच्या पाठीशी न लावता चांगली लांब पुढे न्या, आणि भाच्याचा फोटो काढायचाच असेल तर नवरदेव उतरल्यावर काढा. बादली घरचीच चालते. तिचं वेगळं भाडं घोडेवाला लावत नाही.